पाठ, पंजे आणि थोडं पांढरं

कुत्र्याचं तैलचित्र बिघडतं ते बहुधा डोळ्यांत आणि साधतं ते पाठीत. हे मत कुठल्या पुस्तकातलं नाही. पोटासाठी माणसांची आणि अलीकडे त्यांच्या कुत्र्यांची चित्रं रंगवता रंगवता ते तयार झालं, आणि आता या वयात ते बदलायची माझी फारशी तयारी नाही.

आमच्या धंद्यातलं गिऱ्हाईक बदललं आहे. पूर्वी यायचे ते सहकारी बँकेचे संचालक, शिक्षणसंस्थेचे विश्वस्त, नाहीतर कैलासवासी वडिलांचा पासपोर्ट फोटो खिशात घालून आलेले चिरंजीव. आता त्याच रांगेत ब्रूनो, सिंबा आणि मोती आहेत. (मोती कमी. मोती नावाच्या कुत्र्याचे मालक सहसा तैलचित्राच्या वाटेला जात नाहीत.) यातली बरीच कुत्री गेलेली असतात. मागे उरतात मोबाइलमधले फोटो, आणि मोबाइल हा कुत्र्याच्या बाबतीत बेभरवशाचा साक्षीदार. माणूस उभा, कुत्रा खाली; वरून, जवळून घेतलेल्या फोटोत नाक अवाढव्य, डोकं धडाला न शोभणारं आणि मागचे पाय कुठंतरी दूर राहून गेलेले. रात्रीचा फोटो असला तर फ्लॅशनं डोळे हिरवेगार.

एक मुलगी असेच ढीगभर फोटो घेऊन आली होती. म्हणाली, "काका, डोळे तेवढे हुबेहूब आले पाहिजेत. बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल."

मी विचारलं, "झोपायचा कुठं तो?"

तिला प्रश्न कळला नाही असं वाटलं. मग म्हणाली, "दाराशी. बाबांच्या चपलांवर हनुवटी ठेवून."

"कुठल्या कुशीवर?"

ती थांबली. हवेतच हातानं काहीतरी आठवून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, "डाव्या. उजवा मागचा पाय बाहेर काढून." त्या क्षणी मला चित्र मिळालं. फोटो नंतर फक्त रंगाच्या खात्रीपुरते लागले.

डोळ्यांवर माझा राग नाही. पण माणसाच्या डोळ्यातलं पांढरं बुबुळाच्या दोन्ही बाजूंना दिसतं, म्हणून माणूस कुठं बघतोय ते आपल्याला लांबूनही कळतं. कुत्र्याच्या डोळ्यात ते एरवी जवळजवळ दिसतच नाही. त्यानं मान न वळवता तिरकं पाहिलं तरच कोपऱ्यात एक चंद्रकोर उमटते. चित्रकाराचा हात माणसांवर बसलेला असतो. तो सवयीनं तिथं पांढरं लावतो आणि कुत्र्याच्या कातड्यातून कुणीतरी नातेवाईक डोकावायला लागतो. कुत्र्याचा डोळा म्हणजे खरं तर एक गडद, तपकिरी, ओला गोळा. त्यावर उजेडाचा एकच ठिपका. दोन ठिपके दिले की काचेचा डोळा झाला. आपण ज्याला 'बघ कसा बघतोय' म्हणतो, ते सगळं भुवयांत आणि मानेत असतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की आतली भुवई वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांत चांगला तयार झालेला असतो, लांडग्यांत मात्र तो नावापुरताच. म्हणजे ते केविलवाणं बघणं हजारो वर्षं आपल्या सहवासात राहून कुत्र्यानं कमावलेलं आहे, आणि ते डोळ्याच्या वर आहे, डोळ्यात नाही.

आणि भार. कुत्रा बसला की वजन कुठं जातं? पुढच्या पायाच्या कोपरामागं कातडीची वळी पडते. पंज्यावर भार असला तर बोटं फाकतात, नसला तर ती मिटून असतात. झोपलेल्या कुत्र्याचा खालचा ओठ जमिनीवर थोडा सांडलेला असतो. जिथं पोट फरशीला टेकतं तिथं सबंध चित्रातली सर्वांत गडद रेघ असते, सुतासारखी बारीक, आणि ती चुकली की कुत्रा फरशीवर तरंगतो. आपल्याकडच्या दत्ताच्या कॅलेंडरांत हे नेहमी होतं. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री, चार वेद. रवी वर्मा छापखान्याच्या शिळाछापापासून आजच्या किराणा दुकानातल्या कॅलेंडरापर्यंत ती उभी आहेत, पण बऱ्याच चित्रांत त्यांच्या पंज्यांखाली सावलीच नसते. वेद असल्यामुळं त्यांना चालत असेल. ब्रूनोला चालत नाही.

भार म्हणजे काय हे पाहायचं तर माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात वेलास्केसच्या 'लास मेनिनास'समोर उभं राहावं. चित्र 1656 चं, तीन मीटरहून उंच. मधोमध छोटी राजकन्या, तिच्या सख्या, ठेंगू मंडळी, मागं आरशात राजाराणी, डावीकडं कुंचला घेतलेला स्वतः चित्रकार. या चित्रातल्या नजरांवर विद्वानांनी कपाटं भरतील इतकं लिहिलं आहे: कोण कोणाकडं बघतंय, आरशात काय दिसतंय. या सगळ्या भानगडीत आपल्या सर्वांत जवळ, उजव्या कोपऱ्यात, एक भलाथोरला मॅस्टिफ कुत्रा पसरलेला आहे आणि तो कोणाकडंच बघत नाही. निकोलासितो नावाचा पोरगेला ठेंगू त्याच्या पाठीवर पाय देतोय. कुत्र्याचे डोळे मिटत आलेले. पाठ मात्र त्या पायाखाली आहे तशी आहे: ना ताठरलेली, ना आकसलेली. राजवाड्यात पोरांचे पाय अंगावर घेऊन मुरलेल्या कुत्र्याची पाठ. एवढं सगळं व्यक्तिमत्त्व आणि डोळा जवळजवळ नाहीच.

जवळ गेलं तर आणखी गंमत. दुरून ज्याला आपण दाट तांबूस तपकिरी अंग म्हणतो तिथं रंग पातळ आहे, इतका की खालचा थर मधूनमधून वर येतो. कान, जबडा, पुढचा पाय यांना कडा म्हणावी अशी सलग रेघ नाही. कोरडा होत आलेला कुंचला नुसता घासत नेलेला. चार पावलं मागं आलो की तेच फटकारे पुन्हा कुत्रा होतात, वजनासकट. प्रत्येक वेळी असं पुढंमागं करताना रखवालदार आपल्याकडं संशयानं बघतो, त्याला इलाज नाही.

वेलास्केसनं याहून हळवा कुत्राही रंगवला. 1659 मधलं राजपुत्र फेलिपे प्रॉस्पेरोचं चित्र व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात आहे. मूल दोनेक वर्षांचं, अशक्त. दृष्ट लागू नये म्हणून अंगावर ताईत, घंटा, काय काय बांधलेलं. आपल्या काजळाच्या तिटेची आणि बिब्ब्याची आठवण व्हावी असंच ते. त्याचा हात एका लाल खुर्चीच्या पाठीवर टेकलेला, आणि खुर्चीत एक चिमुकली पांढरी कुत्री, खुर्चीच्या हातावर मान टाकून बसलेली. ही कुत्री स्वतः चित्रकाराच्या जिवाभावाची होती, असं त्याचा चरित्रकार पालोमिनो लिहून गेला. मूल 1661 मध्ये, चौथा वाढदिवस पाहण्याआधीच गेलं. चित्रात सगळं उभं, ताठ, जपून ठेवलेलं. सैल आहे ती फक्त त्या कुत्रीची मान. ती जिथं टेकली आहे तिथला लाल रंग दाबला गेल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तिथं दाबलेलं काहीच नाही, नुसता लाल रंग एका बाजूला जरा काळवंडला आहे.

भार नुसता शरीराचा नसतो, चित्राचाही असतो. 1573 मध्ये व्हेनिसच्या धर्मन्यायालयानं व्हेरोनेझेला बोलावून घेतलं. त्यानं एका मठाच्या भोजनगृहासाठी ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाचं प्रचंड चित्र केलं होतं, जवळजवळ तेरा मीटर रुंद, आणि त्यात विदूषक, मद्यपी, जर्मन सैनिक आणि समोर एक कुत्रा. मठाच्या प्रमुखानं कुत्र्याच्या जागी मेरी मॅग्डलीन काढायला सांगितलं होतं. व्हेरोनेझेचं म्हणणं असं की माझ्या आणि चित्राच्या मानासाठी मी हे आणि आणखीही आनंदानं केलं असतं, पण ती आकृती त्या जागी शोभेलसं मला वाटत नाही. न्यायाधीशांपुढं हे बोलायला धाडस लागतं. पण कुठल्याही चित्रकाराला त्यामागची अडचण कळेल: त्या जागेला लहान, ठेंगणा, जमिनीलगतचा आकार हवा होता, गुडघे टेकलेली संत स्त्री नव्हे. शेवटी त्यानं चित्राचं नाव बदलून 'लेवीच्या घरची मेजवानी' केलं. कुत्रा व्हेनिसच्या अकादेमियात अजून आपल्या जागेवर आहे.

आता केसांकडं येऊ, कारण नवखा माणूस तिथंच मरतो. बारीक कुंचला घ्यायचा आणि एकेक केस काढत बसायचं. संध्याकाळी पाहावं तर कुत्रा नाही, ब्रश तयार झालेला असतो. केस हे आधी केस नसतातच. ते आकार असतात. डोळे बारीक करून पाहिलं की कुत्र्याच्या अंगाचे पाच-सहा मोठे तुकडे दिसतात, उजेडाचे आणि सावलीचे. ते बसले की निम्मं काम झालं. केस दाखवायचे ते फक्त उजेड सावलीत उतरतो त्या काठावर, आणि तेही डुकराच्या केसांच्या जाडसर कुंचल्याचं टोक फाकवून, कमी रंगात. दिशा मात्र चुकवून चालत नाही. नाकापासून केस वर डोळ्यांमधून कपाळावर जातात, कानामागून मानेवरून खाली उतरतात, आणि छातीवर दोन बाजूंचे प्रवाह एकमेकांना भिडून भोवरा होतो. हे फोटोत धड दिसत नाही. म्हणून त्याच जातीचा एखादा जिवंत कुत्रा गाठून, मालकाची आणि कुत्र्याची परवानगी घेऊन, डोक्यापासून शेपटीपर्यंत तळवा फिरवावा. हाताला समजलेली दिशा मनगट विसरत नाही.

या नियमाला एक जबरदस्त अपवाद आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. यान व्हान आइकचं 1434 मधलं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं. ओकच्या फळीवर तैलरंग, सगळं चित्र 82 सेंटिमीटर उंच आणि 60 रुंद. जोडप्याच्या पायाशी एक झिपरा छोटा कुत्रा, आणि त्याचे केस खरोखर एकेक काढलेले. तरी तो ब्रश होत नाही. कारण त्या चित्रातलं सगळंच जग त्याच मापानं पाहिलेलं आहे: पितळी झुंबर, भिंतीवरची जपमाळ, बहिर्गोल आरसा, फळ्यांच्या जमिनीवरचे लाकडी जोडे. एकट्या कुत्र्यावर मेहनत घेतलेली नाही, म्हणून ती मेहनत डोळ्यांत खुपत नाही. आणि यातली मौज अशी, की अवरक्त किरणांखाली पाहिल्यावर नवराबायकोच्या आकृतींखाली रेखाटन सापडलं, कुत्र्याखाली नाही. युरोपातल्या सर्वांत बारकाईच्या कुत्र्यांपैकी हा एक, आणि तो आखणी न करता थेट रंगात उतरवलेला. आमच्या वर्गात हे कुणी आधी सांगितलं असतं तर रेखाटनाच्या वह्यांवरचा बराच धाक कमी झाला असता.

पांढऱ्याचा प्रश्न वेगळा. एके काळी मराठी मध्यमवर्गीय घरात कुत्रा म्हणजे पांढरा पॉमेरेनियन, हे ठरलेलं होतं, आणि त्याला रंगवायला बसलं की कळतं की पांढरा रंग म्हणजे पांढरा नव्हेच. हे ज्यानं सर्वांत चांगलं समजावलं तो पंधराव्या लुईच्या शिकारी कुत्र्यांची चित्रं काढणारा झाँ-बातिस्त उद्री. राजाच्या आवडत्या कुत्र्यांना त्यानं उमरावांच्या थाटात रंगवलं. 'मिस' आणि 'तुर्लू' या दोन ग्रेहाउंड कुत्र्यांचं 1725 चं चित्र आजही फोंतेनब्लोच्या राजवाड्यात आहे. 1749 मध्ये त्यानं पॅरिसच्या अकादमीत रंगावर व्याख्यान दिलं आणि त्यात आपल्या गुरूची, लार्जिलिएरची, एक आठवण सांगितली. गुरू म्हणाले, फुलं रंगव. शिष्य बागेतून रंगीबेरंगी गुच्छ घेऊन आला. गुरू म्हणाले, असं नको. सगळी पांढरी आण. मग त्या पांढऱ्यांतून एकेक वेगळं पांढरं वेचायला लावलं. उद्रीचा पुढचा धडा असा: चांदीचं भांडं कसं रंगवायचं हे कळत नसेल तर त्याच्या शेजारी कागद, कापड, सॅटिन आणि चिनीमाती ठेवा. शेजारी दुसरं पांढरं आलं की चांदीचं पांढरं आपोआप आपला रंग सांगतं.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण पॉमेरेनियन ज्या चादरीवर बसलाय ती चादर पांढरी असेल तर त्या एका वाक्यावर सगळं चित्र तरतं. सावलीतला पांढरा केस करडा नसतो. तो कधी पिवळसर, कधी चक्क जांभळा, खिडकीजवळ निळा, आणि कानाच्या आत कातडीचा गुलाबी घेऊन येतो. ट्यूबमधला निव्वळ पांढरा सबंध अंगावर दोन-तीन ठिकाणीच लागतो. पूर्वीचे चित्रकार शिशाचा पांढरा वापरत: शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत आणि शेणाच्या उबेत ठेवून खरवडलेला. विषारी, पण हाताखाली लवचिक, जड, आणि लवकर वाळणारा. आपल्याला मिळतो तो टायटॅनियम पांढरा. जोर फार आणि स्वभावानं थंड. टायटॅनियमनं रंगवलेली पांढरी कुत्री दवाखान्यातल्या चादरीसारखी दिसतात. त्यात किंचित गेरू मिसळला की ती घरी येतात. चित्रकार ल्यूशियन फ्रॉइडचा शिशाच्या क्रेम्निट्झ पांढऱ्यावर एवढा जीव जडला होता की त्याच जाड, खरबरीत रंगानं तो माणसाचं उघडं अंग आणि आपल्या प्लूटो नावाच्या व्हिपेट कुत्रीचं पोट सारख्याच निर्दयपणे रंगवायचा. 'निर्दय' हे मी कौतुकानं म्हणतोय.

काळा कुत्रा आणखी अवघड. चित्रकाराचा नेहमीचा काळा हा हाडं जाळून केलेला असतो. कुत्र्यासाठी हाडांचाच रंग, यावर पोरं हसतात. त्याची खोड अशी की तो फार हळू वाळतो. तैलरंग पाण्यासारखे उडून सुकत नाहीत. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि प्रत्येक रंगाचा त्याला लागणारा वेळ वेगळा. तपकिरी उंबरात मँगनीज असल्यानं तो भराभर वाळतो. म्हणून खाली हाडांच्या काळ्याचा जाड थर देऊन वर घाईनं दुसरा चढवला, तर वर्षा-दोन वर्षांत कुत्र्याच्या पाठीला भेगा. मी काळा शक्यतो करतोच उंबर आणि अल्ट्रामरीन निळ्यातून, आणि चमक पांढऱ्यानं न देता आकाशाच्या फिक्या निळ्यानं देतो. काळ्या कुत्र्याच्या पाठीवर उघड्या जागी खरोखर आकाश पडलेलं असतं. पण काळ्याला रंग देणारी युक्ती पाहायची तर एडविन लँडसीअरचं 1841 मधलं 'ईऑस' पाहावं. राणी व्हिक्टोरियानं नवऱ्याला नाताळची भेट म्हणून करून घेतलेलं, प्रिन्स आल्बर्टच्या काळ्या ग्रेहाउंड कुत्रीचं चित्र. मागं लाल टेबलक्लॉथ, बाजूला मालकाची टोपी, हातमोजे, काठी. कुत्री उभी, एकही केस काढलेला नाही. गुळगुळीत काळ्यावर उजेडाच्या दोन-चार लांब पट्ट्या आणि बरगड्या मोजता याव्यात अशी कातडी. लाल नसता तर काळा मेला असता.

लँडसीअरशी माझं भांडण आहे, आणि ते सोपं नाही. हात विलक्षण. प्राण्यांची शवं फाडून शरीररचना शिकलेला. पण 1840 मध्ये त्यानं कायद्याचा निवाडा देणाऱ्या कुत्र्यांचं चित्र केलं, पूडल न्यायाधीश आणि भोवती बाकीचे वकील, आणि तिथून विनोदाचा एक पाट वाहत गेला तो अमेरिकेत कूलिजच्या पत्ते कुटणाऱ्या कुत्र्यांपर्यंत. एवढं कसब असलेल्या माणसानं कुत्र्यांना माणसांची सोंगं का द्यावीत? ते सोंग उभं राहायला डोळे माणसाचे करावे लागतात, आणि मग पाठ कुत्र्याची असून उपयोग होत नाही.

त्याच लँडसीअरचं 1837 मधलं 'म्हाताऱ्या धनगराचा मुख्य शोककर्ता' लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. लहानसं चित्र, फळीवरचं. झोपडीत शवपेटी, वर घोंगडं, आणि तिला छाती भिडवून, हनुवटी टेकवून बसलेला मेंढ्यांचा कुत्रा. विषय ऐकूनच दचकायला होतं: आता रडवणार. रडवतोही. पण इंग्रज कलासमीक्षक रस्किननं त्याची जी प्रसिद्ध तारीफ केली तिच्यात लाकडावर दाबलेल्या छातीचा, घोंगड्याला धरणाऱ्या पंज्यांचा आणि हलायची शक्ती संपलेल्या डोक्याचा उल्लेख आहे. रस्किनची भाषा मला एरवी पेलत नाही, पण इथं त्यानं बरोबर बोट ठेवलं. दुःख कुठं आहे तर घोंगडं पंज्यांनी ओढलं जाऊन ज्या घड्या पडल्या आहेत त्यांत. त्या घड्या रंगवणाऱ्या माणसाला भार कळत होता. भावना त्याला जरा जास्तच कळत होत्या, एवढंच.

गेलेल्या कुत्र्याचं तैलचित्र म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या घरी येऊन गेलेलं एक चित्र आठवतं. ग्रामोफोनच्या कर्ण्यात कान देऊन बसलेला पांढरा-काळा निपर. नाट्यपदांच्या, अभंगांच्या, भावगीतांच्या तबकड्यांच्या मधोमध तो फिरायचा, आणि लहानपणी आम्हांला तो फिरताना चक्कर कशी येत नाही हाच मोठा प्रश्न. निपर 1895 मध्ये गेला. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराकडं तो भावाच्या मृत्यूनंतर आला होता. कुत्रा गेल्यानंतर तीन-चार वर्षांनी बॅरॉडनं हे चित्र केलं, आणि त्यात कुत्र्यापुढं ग्रामोफोन नव्हताच; नळकांड्यांवर वाजणारा फोनोग्राफ होता, काळ्या कर्ण्याचा. पितळी कर्णा उसना मागायला तो ग्रामोफोन कंपनीत गेला, तर तिथल्या व्यवस्थापकानं सांगितलं की यंत्रच बदलून आमचं काढा, चित्र विकत घेतो. 1899 मध्ये चित्राचे पन्नास आणि हक्कांचे पन्नास असे शंभर पौंड मिळाले. बॅरॉडनं फोनोग्राफवर ग्रामोफोन रंगवला. मूळ कॅनव्हासवर उजेड तिरपा पडला तर खालचं जुनं यंत्र अजून जाणवतं. तैलरंगाखालच्या गोष्टी अशा पूर्ण मरत नाहीत. पुढं त्यानं कंपनीसाठी त्याच चित्राच्या चोवीस प्रती हातानं काढल्या. यंत्र बदललं, कुत्रा बदलला नाही, बदलायची गरज नव्हती. त्याचं बसणं पाहा: मागच्या अंगावर सगळं वजन, पुढचे पाय सरळ, मान एका बाजूला कललेली, आणि खाली चकाकत्या लाकडात त्याचं अंधुक प्रतिबिंब. ते प्रतिबिंब आहे म्हणून तो बसलेला आहे. गिऱ्हाइकांना मी हे सांगतो. गेलेला कुत्रा फोटोवरून आणि आठवणीवरून असा बसवता येतो, बसण्याची आठवण पक्की हवी.

जिवंत कुत्रा त्याहून त्रासदायक. तैलरंग तासन्तास ओला राहतो, पण कुत्रा तासभर एका जागी राहत नाही. डेव्हिड हॉकनीनं 1995 मध्ये आपल्या स्टॅन्ली आणि बूजी या डॅक्सहुंड जोडीची पंचेचाळीस छोटी तैलचित्रं केली; त्यासाठी घरभर रंग आणि कॅनव्हास तयार ठेवले, कारण दारावर कुणी आलं की मॉडेल उठून जाणार. त्यातली बहुतेक चित्रं झोपलेल्या कुत्र्यांची आहेत, आणि मला वाटतं जगातल्या चांगल्या कुत्र्यांच्या चित्रांत झोपलेले इतके जास्त का याचं एक साधं कारण तेच आहे. झोपलेला कुत्रा डोळे देत नाही, मग चित्रकाराला नाइलाजानं पाठीकडं बघावं लागतं.

माझं हे सगळं म्हणणं गोया सरळ धुडकावून लावतो. त्याचा 'कुत्रा' घराच्या भिंतीवर, गिलाव्यावर, तैलरंगात काढलेला. साल 1819 ते 1823 च्या दरम्यानचं. 1874 पासून मार्तिनेस कुबेल्सनं त्या घरातली चित्रं भिंतीवरून कॅनव्हासवर उतरवली, तेव्हा रंगाची पडझड झाली, त्यामुळं आज जे दिसतं ते सगळं गोयाचंच असं म्हणता येत नाही. एका गडद उताराच्या कडेवर नुसतं डोकं. वर भलंमोठं पिवळट रिकामं. पाठ नाही, पंजे नाहीत, सावली नाही, आणि जे काही आहे ते त्या वर पाहणाऱ्या तोंडातच आहे. तरीही ते खोटं वाटत नाही. बऱ्याच दिवसांनी मी त्याला असं समजावून घेतलं, की पाठ त्या काळपट उतारातच आहे, म्हणून तो उतार एवढा जड. पण हे समर्थन मला स्वतःलाच पुरेसं पटलेलं नाही.

पंज्यांबद्दल मात्र माझी खात्री आहे, आणि तीही लँडसीअरमुळंच. लंडनच्या ट्राफल्गर चौकात नेल्सनच्या स्तंभाच्या पायथ्याशी चार ब्राँझचे सिंह आहेत, 1867 मध्ये बसवलेले, त्याचेच. शिल्पकार नसताना काम अंगावर घेतलं. अभ्यासाला प्राणिसंग्रहालयातला मेलेला सिंह आणून ठेवला, पण त्याचं काम होईपर्यंत सिंह सडला. टीकाकार अजून म्हणतात की त्या सिंहांचे पुढचे पंजे सिंहाचे नाहीत, कुत्र्याचे आहेत. खाली उभं राहून नीट पाहिलं. जबडा सिंहाचा, आयाळ सिंहाची, ऐट तर आरमाराची. पण दोन्ही पंजे पुढं सरळ, बोटं जराशी फाकलेली, बिस्किटाची वाट बघत बसलेल्या लॅब्राडॉरसारखी. त्यावर शाळेतली पोरं चढून फोटो काढत होती आणि चौघांपैकी एकही उठला नाही.